दीपकचे झाकण

आमच्या खोलीत प्रथमच येणाऱ्या माणसाची नजर भिंतीवरच्या क्रुसाकडे किंवा पुस्तकांकडे जात नाही. ती जाते कपाटावर ठेवलेल्या विमानाकडे. पांढरे-नारिंगी रंगवलेले, सव्वा मीटरच्या आतबाहेर पंखांचे विमान धर्मगुरूच्या खोलीत का असावे, याचे कुतूहल साहजिक आहे. लग्नाची कागदपत्रे घेऊन आलेले लोकही आधी तेच विचारतात, "फादर, हे उडतं का?" आम्ही सांगतो, उडते, पण ते आमचे नव्हे, दादांचे. मग आम्ही खिडकीकडे पाहतो. तेथे खुर्चीत आमचे थोरले बंधू बसलेले असतात, आणि कुणी विमानाला हात लावतो आहे का, यावर त्यांची नजर असते.

सुपे हे नाव वाचकांनी शाळेच्या इतिहासात पुण्याला जोडून ऐकले असेल. शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर, ती हीच. आज हा बारामती तालुक्याचा जिरायती भाग. नीरेच्या कालव्याचा ऊस खाली राहिला. इकडे बाजरी, ज्वारी आणि उघडे माळ. या माळांवर चिंकारा हरणे आहेत. त्यांच्यासाठी १९९७ साली येथे मयूरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. मोरगावचा मयूरेश्वर जवळच, म्हणून ते नाव. एप्रिल-मेमध्ये दुपारी येथे पाखरूसुद्धा बाहेर दिसत नाही. अशा ठिकाणी आमची नेमणूक झाली आणि २०२३ च्या पावसाळ्यात दादा आमच्याकडे राहावयास आले.

आले म्हणण्यापेक्षा आणले. वहिनी गेल्यापासून ते एकटेच होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला, वाचा थोडी जड झाली. मुलगा परदेशी. आम्हा भावंडांत आम्ही उरलो. दादा आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही लहान असताना, म्हणजे १९७८ साली, ते वायुसेनेत तंत्रज्ञ म्हणून भरती झाले, आणि त्यांच्या पगारावर घर चालले. आम्ही पुण्याला रामवाडीच्या पेपल सेमिनरीत गेलो तो खर्चाचा विचार न करता. तो विचार करणारे दुसरे कुणीतरी होते. लोहगावचा विमानतळ सेमिनरीपासून फार लांब नाही. तत्त्वज्ञानाच्या तासाला वरून मिग विमान गेले की प्राध्यापक वाक्य अर्धवट सोडून थांबत, आणि आम्हाला दादांची आठवण होई.

एवढे असूनही आम्हा दोघांत काही वर्षे अंतर पडले होते. आमच्या गुरुदीक्षेनंतर दादांनी आम्हाला नावाने हाक मारणे सोडले. "फादर, तुम्ही" असे म्हणू लागले. गावाकडे हे रीतीचेच. धर्मगुरू झालेल्या धाकट्या भावालाही मान देतात. पण दादांच्या त्या मानात थंडपणा होता. ते पत्र लिहीत नसत, सणाला येत नसत, आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवालाही आले नाहीत. घरच्या अडीच एकरांच्या वाटणीवरून काही मनात असावे, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. विचारले कधी नाही.

विमानाची कल्पना आमची नव्हे. गावातला एक मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी त्याने रेडिओवर चालणारी लहान विमाने केली आहेत. दिवाळीत तो घरी आला आणि दादा वायुसेनेत होते हे कळताच त्यांच्यापाशी येऊन बसला. दोन तासांनी आम्ही पाहतो तो दादा डाव्या हाताने कागदावर रेघा ओढीत होते. रेघा वाकड्या होत्या, पण विमान कोणते ते कळत होते. एचपीटी-३२, म्हणजे दीपक.

दीपकविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. भारतीय बनावटीचे पहिले शिकाऊ विमान एचटी-२. ते १९५१ साली उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या गुरूपाशी शिकून आलेले. एचटी-२ ची जागा घेण्यासाठी पुढे दीपक झाले. ते प्रथम उडाले ६ जानेवारी १९७७ रोजी. शिकवणारा व शिकणारा शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांच्या डोक्यावरचे काचेचे छत मागे सरकते. दीपकची कारकीर्द सुखाची झाली नाही. इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी राहिल्या, माणसे गेली, आणि २००९ च्या जुलैअखेर मेदकजवळ दोघा वैमानिकांचा अंत झाल्यावर ही विमाने जमिनीवरच ठेवण्यात आली. दादांनी मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांच्या सेवेत घालवली होती. ते आईच्या माहेराविषयी बोलावे तसे दीपकविषयी बोलत.

त्या छताला काय म्हणावे, यावर आमच्याकडे एकमत झाले नाही. दादा आणि तो मुलगा म्हणत कॅनपी. ठोकळा करून देणारे सुतारमामा म्हणत झाकण. आम्हाला सेमिनरीतल्या ग्रीकची आठवण झाली. ग्रीकमध्ये डासाला कोनोप्स म्हणतात, आणि डासांपासून रक्षण करणारी पडद्याची खाट ती कोनोपेइओन. यूदिथच्या पुस्तकात होलोफर्नेसच्या शय्येवर हेच आहे. त्याचे शीर उडवल्यावर यूदिथ ते खांबांवरून ओढून काढते आणि बरोबर नेते. लॅटिनमध्ये तोच शब्द आपल्या मंजूषेवरच्या पडद्याला लागला, आणि इंग्रजांनी तो विमानावर चढवला. आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगितले. दादा म्हणाले, "फादर, मच्छरदाणी असो की काय असो, ती सरकली पाहिजे."

विमान खऱ्याच्या एक अष्टमांश मापाचे ठरले. पंख एकशे एकोणीस सेंटिमीटर, लांबी साडेशहाण्णव. बाल्सा लाकूड, मोटर, बॅटरी वगैरे त्या मुलाने पुण्याहून आणले, आणि धड व पंख त्यानेच सुट्टीत उभे केले. त्याविषयी आम्ही लिहीत नाही, कारण आम्ही त्यात फक्त धरण्याचे काम केले. कॅनपी मात्र दादांनी स्वतःकडे ठेवली. म्हणजे बुद्धी दादांची आणि हात आमचे.

प्रथम कडुनिंबाचा ठोकळा कॅनपीच्या आकाराचा तासून, घासून, गुळगुळीत करून घेतला. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चढवायचे. यासाठी तेलाची पाच लिटरची रिकामी बरणी उत्तम. बूड कापावे, ठोकळा आत सरकवावा, आणि गरम हवेच्या पिस्तुलाने बाहेरून शेक द्यावा. बरणी आकसते आणि ठोकळ्याला घट्ट बिलगते. वाचायला सोपे आहे. पहिल्या बरणीला आम्ही एकाच जागी शेकत राहिलो आणि ते प्लॅस्टिक दुधासारखे पांढरे झाले. एकदा पांढरे झाले की ते पुन्हा पारदर्शक होत नाही. दुसरीला सुरकुत्या पडल्या. धर्मग्रामातल्या बायांना कळले की फादरना तेलाच्या बरण्या हव्या आहेत. मग बरण्यांना तोटा राहिला नाही. सहावी साधली. ती ठोकळ्यावरून उतरवून खिडकीतल्या उजेडाकडे धरली तेव्हा दादांनी डावा अंगठा वर केला.

पुढचा भाग आपल्या जागी पक्का राहतो, मागचा सरकतो. सरकण्यासाठी दोन्ही बाजूंना पितळी नळ्या उभ्या चिरून बसवल्या. त्यांच्या पोटात बारीक नळी फिरते आणि तिला कॅनपीची चौकट डाखलेली असते. नळी चिरलेलीच का, नुसती पट्टी का नाही, हे आम्ही विचारले. दादांनी सांगितले की वेगात असताना वाऱ्याने कॅनपी दाबली जाते हा भ्रम आहे. फुगीर पाठीवरून वारा धावतो तेथे हवेचा दाब उतरतो आणि कॅनपी वर ओढली जाते. धरून ठेवणारे काही नसेल तर ती निघून जाईल. चिरलेली नळी तिला मागेपुढे जाऊ देते, वर जाऊ देत नाही.

रूळ आम्ही धडाच्या काठाला धरून बसवले. दिसायला फार सुबक. कॅनपी चार सेंटिमीटर मागे गेली आणि अडकली. आम्ही घासले, तेल लावले, पुन्हा अडकली. दादा बराच वेळ गंमत पाहत होते. मग म्हणाले, "दौंड-मनमाड लायनीवर पुढं रूळ जवळ जवळ येत गेले, तर गाडीचं काय होईल?" धड शेपटाकडे निमुळते होत जाते, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो. काठ जवळ येतात, म्हणून रूळही जवळ येतात. कॅनपीची रुंदी मात्र तेवढीच राहते. रूळ समांतरच हवेत, मग ते धडाच्या काठाला सोडून गेले तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या कॅनपीला याखेरीज पाठीच्या कण्यावरून जाणारा तिसरा रूळ असे. आम्हीही तो घातला.

आता ती सरकू लागली, पण सकाळी. मार्च सरला आणि दुपारी बारानंतर कॅनपी जागची हलेना. रात्री पुन्हा मोकळी. आम्हाला हा चमत्कार वाटला. दादांनी त्या मुलाला फोन लावायला सांगितला, आणि त्याने हिशेब करून दिला. पंधरा सेंटिमीटर रुंदीचे हे प्लॅस्टिक पंचवीस अंशांच्या फरकाने सुमारे पाव मिलिमीटर फुगते. पितळ त्या मानाने फारच कमी. आणि आम्ही तर अभिमानाने केसभरही फट ठेवली नव्हती. घर्षण कमी व्हावे म्हणून वेदीवरच्या उरलेल्या मेणबत्त्यांचे मेण रुळांना चोळले होते, तेही उन्हात चिकट होऊन सुप्याची धूळ धरू लागले.

त्या दिवशी आमचा धीर सुटला. एप्रिलमधली दुपार, वीज गेलेली, दोन दिवसांपूर्वी एका तरुणाचा दफनविधी केलेला. आम्ही पकड टेबलावर टाकली आणि म्हणालो, "दादा, झाकण चिकटवून टाकू या. उडायला काय फरक पडतो? आत कोण बसलंय?"

दादा काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवले नाहीत. रात्री दीड-दोनच्या सुमारास अंधारातून हाक आली, "धाकल्या, जागा आहेस का?"

त्या नावाने आम्हाला हाक मारणारे आई गेल्यावर कुणी उरले नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर दादांनी जे सांगितले ते येथे लिहिण्यास त्यांची परवानगी आहे. ते पापनिवेदन नव्हते. तसे असते तर या लेखातले एक अक्षरही आम्हाला लिहिता आले नसते. हे आम्ही त्यांना त्याच रात्री विचारले होते. ते म्हणाले, "फादरला सांगायचं असतं तर दिवसा सांगितलं असतं. मी भावाला सांगतोय."

१९९८ सालची गोष्ट. आमच्या गुरुदीक्षेसाठी त्यांनी रजा घेतली होती आणि संध्याकाळची गाडी होती. तळ कोणता ते आम्ही लिहीत नाही. त्यांच्या देखरेखीतल्या एका विमानाची कॅनपी शेवटच्या दोन बोटांना दोन दिवस जड चालत होती. नियम असा की असे काही आढळले तर नोंदवहीत लिहायचे. लिहिले की दुरुस्ती होईपर्यंत विमान थांबते आणि लिहिणारा माणूसही थांबतो. दादांनी रुळात तेलाचे दोन थेंब सोडले, चार वेळा ओढून पाहिले, चार वेळा सरकली. वहीत सर्व ठीक म्हणून सही केली आणि स्टेशन गाठले. परतल्यावर कळले की ते विमान इंजिन थांबल्याने एका शेतात उतरवावे लागले. अशा वेळी जमिनीला टेकण्यापूर्वी कॅनपी उघडायची असते. कारण धक्क्याने चौकट पिळवटली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानात तर याचसाठी दारावर एक लहानशी पहार अडकवलेली असे. त्या विमानाची कॅनपी वीतभर उघडून अडकली होती. शेतकऱ्यांनी लोखंडी कांब घालून ती फोडली. दोघेही वाचले. शिकणाऱ्या मुलाचा हात मात्र असा गेला की त्याचे उडणे तेथेच संपले.

"चौकशीत आलं, धक्क्यानं चौकट वाकली म्हणून अडकली. तसंच असेल. दोन थेंब तेल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या दीक्षेचा फोटो आहे ना, त्यात मी हसतोय. ते पोरगं त्याच दिवशी पडलं होतं. मला माहीत नव्हतं, पण हसत होतो."

पंचवीस-सव्वीस वर्षे आम्ही लोकांना समजावण्याचे काम केले आहे. मरणाच्या दारात, कोर्टाच्या पायरीवर, इस्पितळात. काय बोलावे ते बहुधा सुचते. त्या रात्री सुचले नाही. चौकट वाकल्याने अडकली असावी हे आम्हालाही पटत होते. तेच त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता, कारण ते त्यांनी स्वतःला हजारदा सांगितले असणार. आणि आमच्या मनात अडीच एकर जमीन होती! आम्ही उठून चहा केला. दादांनी बशीतून प्यायला. पहाटेपर्यंत दोघेही जागेच होतो, पण त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही तिन्ही रूळ उखडले.

यानंतरचे काम सावकाश झाले, आणि पूर्वीपेक्षा बरे झाले. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर फट ठेवली. पूर्वी ती आम्हाला गबाळेपणाची वाटली असती. मेण खरवडून काढले आणि शिसपेन्सिलीचे शिसे कुटून ती कोरडी पूड रुळांत घातली. तिला धूळ चिकटत नाही. ओढण्याची जागाही बदलली. आम्ही एका कडेने ओढत होतो. रुंद आणि आखूड खण एका कडीने ओढला की तिरका होऊन बसतो, तसे होत होते. आता मधोमध एक तार जोडली. तिला ओढणारी सर्व्हो मोटर नऊ ग्रॅम वजनाची, बोटाच्या पेराएवढी. तिला चार सेंटिमीटरचा हात लावला. तो शंभर अंश फिरला की टोक सहा सेंटिमीटर सरकते, आणि आम्हाला तेवढेच हवे होते. त्या मुलाने ट्रान्समीटरवर तिचा वेग कमी करून दिला. दादा म्हणाले, माणसाचा हात ओढतो तशी सरकू दे, तीन सेकंद लागू देत. ते तीन सेकंद त्यांनी मनगटी घड्याळावर मोजून घेतले.

दादांनी याच सुमारास एक वही मागितली. शाळेची दोनशे पानी. तीत रोज डाव्या हाताने नोंद: तारीख, वेळ, उष्णतामान, कॅनपी किती वेळा उघडली, कशी चालली. मोठ्या, कलत्या अक्षरांत 'जड' हा शब्द पहिल्या पानांवर पुष्कळदा आहे. कुणी पाहुणा आला की आम्ही वही दाखवत नाही.

उड्डाण डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात झाले. अशा हौशी विमानांना २०२१ च्या ड्रोन नियमांत जागा आहे; ती नजरेच्या टप्प्यातच उडवावी लागतात आणि कोठे उडवू नये याचा नकाशा आधी पाहावा लागतो. बारामतीला विमानतळ आहे, तेव्हा तेही आले. अभयारण्याकडे तर जायचेच नव्हते, चिंकारा बिचकतात. एका शेतकऱ्याने बाजरी निघालेले रान दिले. दादांची खुर्ची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेली. विमान उडवले त्या मुलाने, आणि ते चांगले उडाले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. हवेत कॅनपी उघडायची नाही, असे दादांनी बजावले होते. उघड्या कॅनपीमागून विस्कटलेला वारा शेपटावर जातो आणि एवढ्या लहान विमानाला तो झेपत नाही.

विमान उतरले, ढेकळांत थोडे डगमगले आणि आमच्यापासून वीस पावलांवर थांबले. मुलाने ट्रान्समीटर दादांच्या मांडीवर ठेवला आणि एक खटका दाखवला, "काका, हा." दादांनी डाव्या अंगठ्याने तो ओढला. काच मागे सरकली. उन्हात ती चमकली म्हणून आम्हाला लांबूनही दिसले. त्यांनी बंद केली. पुन्हा उघडली. किती वेळा, ते वहीत आहे. आम्ही मोजले नाही. मुलाला बॅटरीची काळजी वाटू लागली होती, पण तो शहाणा आहे, बोलला नाही.

घरी येईपर्यंत अंधार पडला. आम्हाला सकाळी सहाची मिस्सा होती, प्रवचन तयार व्हायचे होते आणि नाताळच्या गोठ्याचे गवत अजून आणायचे होते. विमान कपाटावर ठेवणार, तोच दादा म्हणाले, "धाकल्या, खाली घे. शेवटच्या दोन बोटांना जड चाललीय." आम्ही हाताने सरकवून पाहिली. आम्हाला काही जड वाटली नाही. "ढेकळातली माती गेली असेल, दादा. उद्या सकाळी पाहू."

दादांनी वही उघडून आमच्यापुढे ठेवली. नोंद झालेली होती. आम्ही दिवा जवळ ओढला आणि स्क्रू काढायला घेतले.